मल्लम्माची चाल: बेळगावातल्या एका गेमचं प्रकरण

पडद्यावर एक बाई चालत होती. डाव्या हातात ढाल, उजव्या हातात तलवार, अंगावर हिरवं लुगडं, मागे किल्ल्याचा बुरूज. टिळकवाडीतल्या आमच्या क्लासच्या खोलीत चार विद्यार्थी आणि मी, असे पाच जण ते बघत होतो. दर पावलाला तिची कंबर एकदा इकडे, एकदा तिकडे झोके घेत होती. पाऊल टेकायचं ते आधी चवड्यावर. चोळी बेंबीच्या वर वीतभर, पोट उघडं. येळ्ळूरहून येणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, ही लढाईला चाललीया की रॅम्पवर?”

मुलगे हसले. ती हसली नाही.

मी बेळगावात थ्रीडी आणि ॲनिमेशन शिकवते. गेममधल्या बायकांचं चित्रण आणि कलावंताचं स्वातंत्र्य या वादावर जगभर खूप बोललं गेलंय, पण आमच्या सीमाभागातल्या चार मुलांच्या टेबलावर तो वाद आला तेव्हा त्याला इथलीच वळणं लागली. ती वळणं नोंदवून ठेवावीत असं मला मनापासून वाटतं, कारण आज ना उद्या निपाणीत, खानापुरात, चंदगडात असा गेम करायला बसणाऱ्या मुलांपुढे हेच प्रश्न येणार आहेत.

हा गेम करणाऱ्या चौघांची ओळख गावावरूनच करून देते. वडगावचा मुलगा मॉडेल बनवायचा. घरात माग, त्यामुळे कापडाची जाण उपजत. शहापूरची मुलगी चित्रं काढायची आणि आवाजही तीच देणार होती. येळ्ळूरच्या मुलीकडे ॲनिमेशन. चौथा दिवसभर उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी करून संध्याकाळी कोडिंगला बसायचा.

विषय कुठून आला

आमच्याकडे लढणारी बाई म्हटली की पहिलं नाव कित्तूरच्या चन्नम्माचं. ती काकतीची, म्हणजे अगदी आमच्या वेशीवरची. 1824 मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, हे इथल्या मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांतली पोरं सांगू शकतात. पण मुलांना कमी सांगितली गेलेली गोष्ट हवी होती. म्हणून त्यांनी बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीची मल्लम्मा निवडली. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या शिवरायांच्या फौजेशी या देसाईणीनं 1678 च्या सुमारास सामना केला. मराठी परंपरेत तिचं नाव सावित्री असं येतं. तिनं 27 दिवस गढी लढवली, असं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलंय. राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या त्या वर्षीच्या पत्रातसुद्धा या देसाईणीची दखल आहे. तिनं बायकांचं पथक उभं केलं होतं, असं कन्नड लोकपरंपरा सांगते. धारवाडजवळच्या यादवाडला मारुतीच्या देवळापाशी एक शिल्प आहे; त्यात तिच्या मुलाला मांडीवर घेतलेले शिवराय कोरलेत असं मानतात.

बेळगावातल्या मराठी मुलांनी हा विषय घ्यावा याचा मला फार आनंद झाला होता. त्यात धाडस होतं, आणि ज्या मातीत दोन भाषा रोज एकमेकींशी बोलतात तिथलीच ती गोष्ट होती.

पहिलं शरीर कुणी ठरवलं

इथे माझी चूक आहे आणि ती मी स्पष्ट सांगते. मुलांना लवकर काहीतरी हलताना दिसावं म्हणून मीच त्यांना बाईचं तयार मॉडेल उतरवून घ्यायला सांगितलं. मोफत मिळणारं, हाडांचा सांगाडा बसवलेलं, वापरायला सोपं. वडगावच्या मुलानं त्याला लुगडं नेसवलं. चाल मोफत साठ्यातून घेतली. तिच्या नावातच कॅटवॉक असा शब्द होता. मॉडेलच्या टाचा मुळातच उचललेल्या होत्या, कारण ते कुणीतरी उंच टाचांच्या बुटांसाठी केलेलं. आम्ही बूट काढले आणि बाईला अनवाणी केलं, पण टाचा तशाच वर राहिल्या. मल्लम्मा किल्ल्याच्या दगडांवर चवड्यावर चालत होती आणि आमच्यापैकी चौघांना त्यात काही खटकलं नाही. त्या चौघांत मीही होते.

येळ्ळूरच्या मुलीच्या प्रश्नावर वडगावचा मुलगा चिडला. त्याचं म्हणणं असं: मी कलाकार आहे, मला जशी दिसली तशी मी केली, हे माझं क्रिएटिव्ह फ्रीडम आहे. त्यानं यूट्यूबवर याच विषयावरचे बरेच व्हिडिओ पाहिले होते आणि त्यातून त्याच्या मनात एक नाव पक्कं बसलं होतं, अनिता सारकीशियन. तिच्यासारख्या लोकांनी गेम बनवणाऱ्यांचं स्वातंत्र्य काढून घेतलं, असं तो म्हणाला.

मी त्याला तिची हकीकत विचारली. ती त्याला अर्धीच माहीत होती. 2012 मध्ये तिनं गेममधल्या स्त्रीपात्रांच्या ठरीव साच्यांवर व्हिडिओंची मालिका करायला लोकांकडून 6,000 डॉलर मागितले; जमले दीड लाखाच्या वर. त्या व्हिडिओंत ती गेम दाखवायची आणि त्यावर आपलं मत सांगायची. बदल्यात तिला बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठातलं तिचं भाषण गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावं लागलं. “तर मग तोंड कुणाचं बंद झालं?” असं मी त्याला विचारलं. तो काही बोलला नाही. पण तो समजूतदार मुलगा आहे. त्यानं नंतर तिचे मूळ व्हिडिओ बघितले आणि त्यातले काही मुद्दे पटले नाहीत म्हणून माझ्याशी भांडलासुद्धा. ते भांडण मला आवडलं.

एक गोष्ट मला त्या आठवड्यात लख्ख कळली. ज्याला तो आपलं स्वातंत्र्य म्हणत होता ते त्यानं अजून वापरलंच नव्हतं. ती कंबर त्यानं ठरवली नव्हती. ती टाच त्यानं उचलली नव्हती. दूर कुठेतरी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी घेतलेला निर्णय आयता आमच्या फोल्डरमध्ये आला होता आणि आम्ही त्याच्यावर सही करत होतो. येळ्ळूरच्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नामुळे निवड करायची संधी पहिल्यांदा त्याच्या हातात आली.

उघडं अंग दाखवलं की ते आपोआप वाईट, असं मी मानत नाही, हेही इथेच सांगते. 2009 मध्ये आलेल्या बेयोनेटा या गेमची नायिका उघडउघड मादक आहे आणि तिचं रूप मारी शिमाझाकी या बाईनं रेखाटलंय. ते पात्र तसंच असायला हवं म्हणून तसं आहे. मल्लम्माचं पोट मात्र केवळ मॉडेल तसं मिळालं म्हणून उघडं होतं.

नऊ रात्री

येळ्ळूरच्या मुलीनं रविवारी घरी जाऊन आईचा व्हिडिओ काढला. आई राजहंसगडाच्या पायथ्याच्या शेतातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. सोमवारी आम्ही तो हळू वेगात पुन्हा पुन्हा पाहिला. मान आणि डोकं जवळजवळ स्थिर. कंबर झोका घेत नाही, किंचित खाली बसते आणि वर येते. गुडघा कधीच पूर्ण ताठ होत नाही. पाऊल अख्खं टेकतं, बोटं पसरतात, चिखल असेल तर अंगठा आधी रोवला जातो. कासोटा मागे घट्ट, त्यामुळे ढांग पुरुषाइतकीच लांब. मोकळा हात मागे जातो तेव्हा कोपर बाहेर येतं. इतकी वर्षं मी ॲनिमेशन शिकवतेय आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाईची चाल मी कधी अशी पाहिलीच नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं आणि वाईट वाटलं.

कोडिंगवाल्यानं तक्रार केली: सैनिकांसाठीची तयार चाल सगळ्या पुरुषांना चालते, एका बाईसाठी वेगळं सगळं म्हणजे दुप्पट काम. हे कारण गेमच्या दुनियेत प्रसिद्ध आहे. 2014 मध्ये युबीसॉफ्ट या गेम कंपनीच्या लोकांनी असॅसिन्स क्रीड युनिटी या गेममध्ये मिळून खेळताना निवडायला स्त्रीपात्र का नाही याचं हेच कारण दिलं होतं, आणि त्यांच्याकडेच पूर्वी काम केलेल्या एका ॲनिमेटरनं हे एक-दोन दिवसांचं काम आहे असं सांगितल्यावर मोठा गदारोळ झाला होता. आमच्याकडे मात्र खरोखर वेळ लागला. नऊ रात्री. त्याची तक्रार खोटी नव्हती. नवशिक्या हातांना बाईची खरी चाल महाग पडते, आणि आयती चाल फुकट मिळते, हेच तर दुखणं आहे.

लुगड्याचं कोडं मात्र सुंदर सुटलं. पदर मोकळा ठेवला तर तो ढालीतून आरपार जायचा, आणि कापडाचं गणित फोनला झेपत नव्हतं. वडगावच्या मुलानं आपल्या आजीला विचारलं. आजी म्हणाली, “कामाला लागल्यावर पदर कुणी मोकळा सोडतंय व्हय? खोचायचा.” पदर कमरेला खोचला आणि अर्धी अडचण संपली. मग त्यानं आपणहून मॉडेल मोडून पुन्हा उभं केलं: खांदे रुंद, दंड भरलेले, टाचा जमिनीवर, हिरवी इरकल, लाल पदरावर पांढऱ्या दातेरी रेघा, खणाची चोळी कमरेपर्यंत. त्या रात्री त्यानं मला फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, “आता ही माझी वाटतेय.”

“मी असंच बोलतो”

एका मोठ्या शहरातल्या पब्लिशरला, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला, मुलांनी नमुना पाठवला. नाव देत नाही. उत्तर उत्साहाचं होतं, पण दोन अटी होत्या. स्टोअरवरच्या आयकॉनमध्ये नायिका ‘अपीलिंग’ हवी. त्यांनी नमुन्यादाखल एक चित्रही जोडलं होतं, छाती पुढे, ओठ विलग, तलवार मागे कुठेतरी. दुसरी अट आवाजाबद्दल. नायिका ‘मी येतो’, ‘मी बघतो’ म्हणते. बाईच्या तोंडी पुरुषाचं क्रियापद आलंय, ते दुरुस्त करा.

बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. आमच्या मुली ‘मी जातो, मी खातो, मी आलो’ असंच बोलतात. पुण्याला शिकायला गेलेल्या प्रत्येकीला यावरून कुणीतरी हसलेलं असतं. शहापूरच्या मुलीनं तो आवाज रात्री गॅलरीचं दार बंद करून, गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड केला होता. ती मेल वाचून तिचे डोळे भरले. म्हणाली, “मॅडम, मी असंच बोलतो. चुकून न्हाई.”

चित्रणाबद्दल बोलताना आपण छाती आणि कंबर यांच्यापाशी थांबतो. तिच्या तोंडची भाषा कुणाची, हा प्रश्न मला तितकाच मोठा वाटतो. ज्या बाईचं शरीर आम्ही येळ्ळूरच्या शेतातून आणलं होतं तिची जीभ प्रमाणभाषेची करून टाकायची, म्हणजे तिला पुन्हा आयत्या साच्यातच बसवायचं. मल्लम्माची स्वतःची भाषा कन्नड, म्हणून कोडिंगवाल्याच्या कारखान्यातल्या एका कन्नड मित्राकडून मुलांनी संवादांचा दुसरा संचही करून घेतला होता. त्या संचाबद्दल पब्लिशरनं विचारलंसुद्धा नाही.

इथे वडगावचाच मुलगा उसळला. त्याचं क्रिएटिव्ह फ्रीडम आता खरोखर कुणीतरी मागत होतं. मी त्याला टोबी गार्डची गोष्ट सांगितली. 1996 च्या टूम रेडर या गेमची नायिका लारा क्रॉफ्ट त्यानं घडवली. पुढे जाहिरातींत तिचं जे होत गेलं त्यावर आपला ताबा उरला नाही म्हणून तो 1997 मध्ये कोअर डिझाइन ही कंपनी सोडून गेला. लाराचं पात्र तगलं, गाजलं, 2013 मध्ये रियाना प्रॅचेटच्या लेखणीतून आणि वेगळ्या बांध्यानं पुन्हा उभं राहिलं. पण ज्यानं ते जन्माला घातलं त्याच्या हातून ते तेव्हा बाजारानं घेतलं, टीकाकारांनी नव्हे. मुलांनी रात्रभर चर्चा करून पब्लिशरला नकार कळवला. पैसे नव्हते, तरी कळवला. पुण्याच्या नोडिंग हेड्स या कंपनीनं 2020 मध्ये राजी हा गेम काढला, धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीचा, तो त्यांच्यापुढे होता. आपल्याकडची मुलगी नायिका असलेला गेम जगात जाऊ शकतो एवढं त्यांना त्यातून दिसलं होतं.

दुसरी बाजू आपलीच होती

पब्लिशरला नाही म्हणणं सोपं गेलं. तो दूरचा होता.

मुलांना संगणकाच्या एका भागासाठी गल्लीतल्या मंडळानं मदत केली होती. बदल्यात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आधी गेम लोकांना दाखवायचा असं ठरलं होतं. बेळगावची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, इथे इतिहास लोकांच्या अंगात असतो. पोरी रात्ररात्र जागून प्रसंग उभे करतात. मंडळाच्या काकांनी गेम पाहिला. ते जुने, सीमाप्रश्नाच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेले गृहस्थ, मुलांवर जीव असलेले. पाहून म्हणाले, “बाळांनो, काम झक्कास. खरं दोन गोष्टी.”

पहिली: बाईच्या डोक्यावर पदर हवा, आणि ती चिखलात पडलेली, रक्तानं माखलेली दाखवायची नाही, देसाईण आहे ती. दुसरी: ती महाराजांच्या फौजेशी लढते हे या मिरवणुकीच्या दिवसांत, बेळगावात, मराठी मुलांनी दाखवायचं?

पहिल्या मुद्द्यावर येळ्ळूरची मुलगी नम्रपणे बोलली. “काका, भात लावताना आई पदर खोचती. लढताना डोक्यावर राहील काय तो?” काका विचारात पडले. पण रक्त आणि चिखल काढाच, यावर ठाम राहिले. तेव्हा मला दिसलं की एकानं तिला नटवायला सांगितलं होतं आणि दुसरा तिला देव्हाऱ्यात ठेवायला सांगत होता. दोन्हीकडे ती चालणारी, दमणारी, पडणारी, उठणारी बाई राहत नव्हती. काकांचा हेतू निर्मळ होता यात मला शंका नाही, म्हणूनच त्यांना उत्तर देणं जड गेलं.

दुसरा मुद्दा त्याहून अवघड. एका ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे मांडणी केली. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम 19(1) मध्ये आहे, आणि 19(2) मध्ये त्यावरची वाजवी बंधनं, त्यात सभ्यता आणि नीतिमत्ताही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा 1986 चा. स्त्रीचं शरीर तिला कमीपणा आणेल अशा रीतीनं दाखवण्याला तो लागू होतो. 2014 च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अश्लीलता ठरवताना आजच्या समाजाच्या मापानं बघायचं ठरवलं. आणि 2015 मध्ये गांधीजींवरच्या एका मराठी कवितेच्या खटल्यात म्हटलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर ते माप अधिक कडक लागेल. “तुमच्या गेममध्ये अश्लील काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “कायद्याची भीती बाळगू नका.” मुलांना कायद्याची भीती नव्हतीच. रोज ज्यांच्या दारावरून जायचं त्या माणसांना दुखवायची भीती होती.

शेवटी मुलांनी तोड काढली. रक्त आणि चिखल ठेवला. पदर खोचलेलाच राहिला. आवाज ‘मी येतो’ म्हणणाराच. पण मल्लम्माचं नाव काढलं. खेळाडू आता एका गढीवरच्या पथकातली निनावी बाई आहे, समोरचे सैनिक कुणाचे हे सांगितलेलं नाही, बेळवडीचं नावही नाही. काकांनी समाधानानं मान डोलावली आणि मंडळाच्या पडद्यावर गेम दाखवला गेला. पोरींनी रांग लावून तो खेळला. नंतर मुलांनी तो इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर मोफत ठेवला.

मला हा निर्णय पटलेला नाही आणि मी ते मुलांनाही सांगितलंय. काकांचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. पण त्याला उत्तर होतं, आणि ते शिवरायांचा मान राखणारंच होतं. या देसाईणीवर अत्याचार करणाऱ्या सकूजी गायकवाड नावाच्या आपल्याच सरदाराला महाराजांनी शिक्षा केली, ही आठवण मराठी परंपरेनंच जपलीय. तो प्रसंग गेममध्ये आला असता तर चित्ररथासमोरसुद्धा ताठ मानेनं उभा राहिला असता. आम्ही काकांना ते दाखवायला हवं होतं. मी दाखवायला हवं होतं. वयानं मोठी मी होते. 27 दिवस गढी लढवलेल्या बाईचं नाव तिच्याच जिल्ह्यातल्या गेममधून गेलं. तिचं शरीर सोडवण्यात आम्ही इतके गुंतलो की नाव सुटून गेल्याचं उशिरा लक्षात आलं.

फाइलचं नाव मात्र कुणी बदललेलं नाही. फोल्डरमध्ये ती अजून ‘मल्लम्मा चाल 7’ अशीच आहे.

गेल्या महिन्यात येळ्ळूरच्या मुलीची आई काही कामानं शहरात आली होती, तेव्हा क्लासमध्ये डोकावली. मुलीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि गेम लावला. आईनं पडद्याजवळ तोंड नेऊन स्वतःची चाल बराच वेळ पाहिली. मग बोट ठेवून म्हणाली, “कासोटा सैल झालाय बघ हिचा. धावताना सुटंल.” आम्ही थांबवून पाहिलं. खरंच, डावा पाय मागे गेला की कापड मांडीपासून सुटत होतं. पोरीनं चाल 7 ची प्रत केली, तिला 8 नंबर दिला आणि कामाला बसली.